स्पेनमध्ये इंटरव्ह्यू आहे? मग पहिली पाच मिनिटं सांभाळा



दोन वर्षं स्पेनमधल्या हॉटेलात किंवा दुकानात काम शिकायचं आणि मग स्वतःचा धंदा टाकायचा, असा प्लॅन आहे? मग एक गोष्ट आधीच समजून घ्या. तिथे तुमच्या कामाइतकंच तुम्ही माणसांशी कसे वागता हेही बघतात.

१) आडनावं दोन असतात. आधी सहसा वडिलांचं, मग आईचं. बाईंचं आडनाव 'गार्सिया लोपेझ' असेल तर 'सेन्योरा गार्सिया' म्हणा, 'सेन्योरा लोपेझ' नाही. उलटी गडबडही होऊ शकते. आपण मध्ये वडिलांचं नाव लिहितो, ते त्यांना पहिलं आडनाव वाटू शकतं. म्हणून सीव्हीवर आडनाव कोणतं ते स्पष्ट लिहा.

२) 'तू' की 'तुम्ही'? स्पॅनिशमध्येही 'तू' आहे, उच्चारही आपल्यासारखाच! आदराचा शब्द 'उस्तेद'. सुरुवात उस्तेदनेच करा. समोरचा लगेच 'तू'वर आला तर वाईट वाटून घेऊ नका, ती आपुलकी असते. 'तू म्हण' असं त्याने सांगितलं की तुम्हीही म्हणा.

३) दुपारी एकला 'ब्वेनोस दियास', म्हणजे शुभ सकाळ, असं कानावर आलं तर गोंधळू नका. तिथे जेवण साधारण दोननंतर होतं, आणि 'ब्वेनास तार्देस' सहसा त्यानंतर. हात नीट मिळवा, नजरेला नजर द्या. गालाला गाल लावून भेटायची पद्धत आहे, पण इंटरव्ह्यूत आपणहून पुढे होऊ नका.

४) आधी इकडच्या तिकडच्या गप्पा होतील. शहर आवडलं का, जेवण कसं वाटलं. इथे नुसतं 'येस सर, नो सर' केलंत तर तुमचा स्वभाव त्यांना कळणारच नाही. दोन वाक्यं मोकळेपणाने बोला.

५) मध्येच तोडून बोलले तर गप्प बसू नका. बोलण्याच्या ओघात ते होतं. त्यांचं ऐका आणि राहिलेलं उत्तर पूर्ण करा.

निघताना 'ग्रासिआस पोर सू तिएंपो' म्हणा, म्हणजे वेळ दिल्याबद्दल धन्यवाद.

आपल्याकडे मान खाली घालणं म्हणजे नम्रपणा. तिथे त्यालाच आत्मविश्वास कमी समजतील. उद्या काउंटरवर गिऱ्हाईकाशी बोलायला त्यांना मोकळा माणूस हवा असतो. आणि खरं सांगा, उद्या तुमच्या दुकानात तुम्हालाही तसाच लागणार ना?