एकट्याची लेहवारी आणि विरळ हवा

उन्हाळा आला की सरकारी रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागातही मोटारसायकलवरून एकट्याने लडाखला निघालेले तरुण भेटतात. ‘डॉक्टर, मी रोज व्यायाम करतो, मला काय होणार?’ हा त्यांचा ठरलेला प्रश्न. पण विरळ हवेचा त्रास कोणाला होईल, हे तब्येत पाहून सांगता येत नाही. डॉ. इंदर सिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६९ मध्ये या त्रासावर प्रसिद्ध केलेला अभ्यास १,९२५ भारतीय जवानांचा होता. जवानांपेक्षा धडधाकट माणसे कुठून आणायची?

उंचावरही हवेत प्राणवायू २१ टक्केच असतो. कमी होतो तो हवेचा दाब. आपले कळसूबाई शिखर १,६४६ मीटर उंच. मनाली-लेह रस्त्यावरील तंगलंग ला ही खिंड सुमारे ५,३०० मीटरवर आहे आणि तिथे दाब समुद्रसपाटीच्या निम्म्याच्या आसपास येतो. शरीर याच्याशी जुळवून घेते, पण त्याला काही दिवस लागतात. पायी चढणाऱ्याला दम लागतो आणि तो आपोआप थांबतो. मोटारसायकलवर मात्र चढ इंजिन चढते. शरीराने इशारा देईपर्यंत आपण फार वर पोचलेलो असतो.

सर्वांत फसवा मुक्काम सरचूचा. ३,००० मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याच्या जागेची उंची रोज ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, असे वैद्यकशास्त्र सांगते. जिस्पाहून (सुमारे ३,२०० मीटर) सरचूला (सुमारे ४,२९० मीटर) गेले की एका दिवसात दुप्पट उडी होते. रात्री त्रास वाढला तर मागे बारालाचा ला आणि पुढे नकी ला व लाचुंग ला. खाली यायचे तर आधी वर चढायचे! लाचुंग लानंतर रस्ता उंच कड्यांमधल्या अरुंद घळीतून पांगला उतरतो. दोन्ही बाजूंना कडे दिसले की खूप खाली आलो असे वाटते, पण पांगही ४,६०० मीटरच्या आसपास आहे.

डोकेदुखी, मळमळ, थकवा, गरगरणे ही सुरुवात. हेल्मेट, ऊन किंवा रस्त्यातले खड्डे यांना दोष देऊन ती अंगावर काढली जाते. पुढे मेंदूला सूज आली की तोल जातो, विचार गोंधळतो. म्हणजे ज्या मेंदूने ‘आता थांब’ म्हणायचे, तोच बिघडतो. गटात असाल तर सोबत्याच्या ते लक्षात येते. एकट्याच्या कोणी लक्षात आणून द्यायचे?

म्हणून हे निर्णय घरीच घ्या आणि कागदावर लिहून तो टाकीवरच्या बॅगेत ठेवा. डोके दुखत असेल तर त्या दिवशी आणखी वर जायचे नाही. मुक्कामी पोचल्यावर टाचेला अंगठा लावत सरळ रेषेत दहा पावले चालून पाहायचे. तोल गेला, किंवा बसल्या जागी धाप लागली, तर सकाळची वाट पाहायची नाही. तंबूवाल्याला उठवा, प्राणवायू मिळवा, जवळच्या लष्करी तळावर मदत मागा आणि दुसऱ्याच्या वाहनातून खाली उतरा. अशा वेळी स्वतः गाडी चालवू नका. दारू आणि झोपेच्या गोळ्या वर्ज्य. अ‍ॅसिटाझोलामाइड हे प्रतिबंधक औषध उपयोगी आहे, पण आपल्या डॉक्टरांना विचारूनच घ्या. सल्फा औषधांची अ‍ॅलर्जी असेल तर ती आधी सांगा.

शक्य असेल तर जाताना श्रीनगरमार्गे जा. कारगिलचा मुक्काम सुमारे २,७०० मीटरवर होतो आणि मग ३,५०० मीटरवरचे लेह शरीराला पेलते. तिथे दोन दिवस नुसते बसा. मनालीचा रस्ता परतीला ठेवा. तोपर्यंत रक्त आणि श्वास उंचीला सरावलेले असतात. आणि संध्याकाळी तंबूवाल्याला एवढे सांगाच: ‘भाऊ, मी एकटा आहे. सकाळी उठलो नाही तर हाक मारा.’