चित्राला हात न लावता

लग्नाची जुनी व्हीसीडी हाती आली की मी आधी अक्षता पडतात ती जागा शोधतो. मंडप, पाहुणे, पंगती सगळं ठीकठाक दिसतं. पण ‘सावधान’ झालं आणि अक्षता उडाल्या की पडद्यावर चौकोनच चौकोन. व्हीसीडीत चित्राच्या वाट्याला सेकंदाला जेमतेम 1150 किलोबिट येतात. सगळीकडून उडणारे असंख्य दाणे तेवढ्यात मावत नाहीत. तिथे जे हरवलं ते कायमचं हरवलं. उरलेलं तरी तसंच डीव्हीडीवर जावं, एवढंच आपल्या हातात असतं.

व्हीसीडीचं मानक 1993चं. पुढे कित्येक वर्षं आपल्याकडच्या व्हिडिओवाल्यांनी लग्नं-मुंजी याच सीडींवर दिल्या. एकीवर 74 मिनिटं, म्हणून एका लग्नाच्या दोन-तीन. आतली .डॅट फाइल म्हणजे सीडीचे कच्चे सेक्टर: दर 2352 बाइटमध्ये चित्र-आवाजाचे 2324, बाकीचे सीडीच्या स्वतःच्या हिशेबाचे. नाव बदलून .एमपीजी केलं तर संगणकावर ती बहुधा चालते, पण डीव्हीडीसाठी हे जादा बाइट काढावेच लागतात. व्हीसीडीगिअर किंवा एफएफएमपेग ते चटकन करतं.

खरा वेळ जातो तो सीडीवरून फाइल उतरवण्यात. डेटा सीडीवर चुका दुरुस्त करण्यासाठी जी जादा माहिती असते, ती व्हीसीडीत चित्राला जागा मिळावी म्हणून वगळलेली आहे. त्यामुळे ओरखडा आला की प्लेअर थोडं अडखळून पुढे जातो, संगणक मात्र कॉपीच थांबवतो. मग सीडी मऊ कापडाने मधून कडेकडे पुसायची, गोल फिरवून नाही. तरी अडली तर दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घालून बघायची; एकाने नाकारलेली सीडी दुसरा पुष्कळदा वाचतो. इथे घाई करणाऱ्याने हे काम घेऊच नये.

यानंतर बहुतेक जण चित्र 720 बाय 576 करून नव्याने एन्कोड करतात. माझ्या मते हा चित्रावर अन्याय आहे. मूळ 352 बाय 288 आहे. मोठं केल्याने नवा तपशील येत नाही, उलट आधीचे चौकोन पुन्हा दाबले जाऊन आणखी चिखल होतो. डीव्हीडीच्या मानकात 352 बाय 288चं एमपेग-1 चित्र चालतं, हे फारसं कुणी सांगत नाही. म्हणून चित्र जसंच्या तसं ठेवायचं. बदलायचा तो आवाज: व्हीसीडीत तो 44.1 किलोहर्ट्झचा असतो, डीव्हीडीला 48चा लागतो. तो एसी-3मध्ये नव्याने करून घेतला की झालं. एवढं केल्यावर एका साध्या 4.7 जीबी डीव्हीडीवर सुमारे 7 तास बसतात, म्हणजे अख्खं लग्न एकाच डिस्कवर.

डीव्हीडीऑथरने फोल्डर बांधताना मी साखरपुडा, सीमांतपूजन, लग्न, वरात असे चॅप्टर पाडतो. आजी-आजोबांना रिमोटच्या एका बटणाने हवं तिथे जाता येतं. डिस्क कमी वेगाने लिहायची, फायनलाइज करायची आणि ज्या घरी ती जाणार त्याच घरच्या प्लेअरवर लावून बघायची.

घरी लिहिलेली डीव्हीडीही फार वर्षं टिकेल याचा भरवसा नाही. तेव्हा कपाटातल्या व्हीसीडी आताच काढा आणि मूळ फाइली दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर उतरवून ठेवा. डीव्हीडी त्यानंतर सवडीने करता येईल.