लघुव्यवसाय

अल्प भांडवलावर, थोड्या मनुष्यबळाच्या साहाय्याने आणि बहुधा मालकाच्या प्रत्यक्ष देखरेखीखाली चालणारा उत्पादनाचा, व्यापाराचा अथवा सेवेचा व्यवसाय. किराणा दुकान, पिठाची गिरणी, खाणावळ, शिवणकाम, छापखाना, वाहनदुरुस्ती, यंत्रांचे सुटे भाग बनविणारा लहान कारखाना ही त्याची नित्य परिचयाची उदाहरणे होत. मोठ्या उद्योगात भांडवल पुरविणारे, व्यवस्थापन पाहणारे व श्रम करणारे असे वेगवेगळे वर्ग असतात. लघुव्यवसायात ही तिन्ही कामे पुष्कळदा एकच व्यक्ती किंवा एकच कुटुंब करते. लघुव्यवसायाचे बळ व दौर्बल्य ही दोन्ही यातूनच उद्भवतात. निर्णय तत्काळ घेता येतात आणि ग्राहकाची गरज जवळून कळते. परंतु घराचा पैसा व धंद्याचा पैसा यांतील सीमारेषा पुसट होते. तोट्यामुळे बुडणाऱ्या व्यवसायांची चर्चा अधिक होते. तथापि हिशेबात नफा दिसत असतानाही हाती रोकड नसल्यामुळे बंद पडणारे लघुव्यवसाय थोडे नाहीत, आणि त्यांचा विचार सुरुवातीलाच करणे अगत्याचे असते.

व्याख्या व शासकीय धोरण : ‘लघु’ कोणास म्हणावे, याचे शासकीय मोजमाप वेळोवेळी बदलत आले आहे. पाच लाख रुपयांपर्यंत भांडवल गुंतविणारा आणि विजेचा वापर असल्यास ५० पेक्षा कमी, नसल्यास १०० पेक्षा कमी कामगार नेमणारा कारखाना, अशी लघुउद्योगाची व्याख्या १९५५ च्या सुमारास भारतात रूढ झाली. त्याच वर्षी अर्थशास्त्रज्ञ द. गो. कर्वे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने ग्रामोद्योग व लघुउद्योग यांविषयीचा आपला अहवाल सादर केला. पुढे कामगारसंख्येची अट गळून यंत्रसामग्रीतील गुंतवणूक हाच निकष राहिला. ही मर्यादा १९६६ मध्ये साडेसात लाख, १९७५ मध्ये दहा लाख व १९८० मध्ये वीस लाख रुपये झाली. काही वस्तूंचे उत्पादन केवळ लघुउद्योगांसाठी राखून ठेवण्याचे धोरण १९६७ मध्ये ४७ वस्तूंपासून सुरू झाले. या यादीतील उरलेल्या अखेरच्या वीस वस्तूंवरील आरक्षण २०१५ मध्ये उठविण्यात आले. सूक्ष्म, लघू व मध्यम उपक्रम विकास अधिनियम, २००६ या कायद्याने सेवाव्यवसायांचाही समावेश केला. २०२० पासून गुंतवणूक व वार्षिक उलाढाल असे दोन्ही निकष एकत्र लावले जातात. १ एप्रिल २०२५ पासून लागू झालेल्या मर्यादांनुसार अडीच कोटी रुपयांपर्यंत गुंतवणूक व दहा कोटींपर्यंत उलाढाल असलेला उपक्रम ‘सूक्ष्म’, तर पंचवीस कोटी गुंतवणूक व शंभर कोटी उलाढाल यांपर्यंतचा ‘लघू’ ठरतो. सामान्य बोलण्यातील छोटा धंदा कायद्याच्या परिभाषेत बहुधा ‘सूक्ष्म’ या वर्गातच मोडतो.

व्यवसायाची निवड : जो व्यवसाय निवडावयाचा त्याची माहिती, कच्च्या मालाची उपलब्धता, जागा आणि मागणी या गोष्टी पारखून घ्याव्या लागतात. शेजारचे दुकान चांगले चालते, एवढ्यावरून दुसरे तसेच दुकान काढणे ही सर्वत्र आढळणारी प्रवृत्ती आहे. त्यामुळे मागणी तेवढीच राहून वाटेकरी मात्र वाढतात. मागणीचा अंदाज परिचितांच्या अभिप्रायावरून बांधणे विश्वसनीय नसते. थोडा माल तयार करून तो अनोळखी ग्राहकास पूर्ण किंमतीला विकून पाहणे, हीच यातील खरी कसोटी होय. शक्य असल्यास त्याच व्यवसायात काही महिने नोकरी केल्यास मालाची नासधूस, हंगामी चढउतार, कामगारांच्या अडचणी इ. गोष्टी दुसऱ्याच्या खर्चाने शिकता येतात.

भांडवल : लघुव्यवसायास लागणारे भांडवल दोन प्रकारचे असते. जागा, यंत्रे, फर्निचर, अनामत रक्कम यांत गुंतते ते स्थिर भांडवल. कच्चा माल, मजुरी, भाडे, वीज यांवर खर्च होऊन विक्रीनंतर पुन्हा हाती येते ते खेळते भांडवल. नवा व्यावसायिक पहिल्याचा हिशेब काळजीपूर्वक करतो, दुसऱ्याचा करीत नाही. जवळची सर्व पुंजी यंत्रे व दुकानाची सजावट यांत घालून उद्‌घाटनाच्या दुसऱ्या दिवसापासून माल उधारीवर आणण्याची वेळ आलेले व्यावसायिक कोणत्याही गावात आढळतात.

खेळत्या भांडवलाची गरज काढण्याची रीत एका काल्पनिक उदाहरणावरून स्पष्ट होईल. समजा, एक लहान फरसाण कारखाना महिन्यास १,५०,००० रुपयांचा माल विकतो. बेसन, तेल, मसाले व वेष्टन यांवर विक्रीच्या ६० टक्के म्हणजे ९०,००० रु., आणि मजुरी, भाडे, इंधन, वीज यांवर ४०,००० रु. खर्च होतात, शिल्लक २०,००० रु. राहते. कच्चा माल रोखीने आणला जातो व सरासरी दहा दिवस पडून राहतो, तयार माल पाच दिवस राहतो आणि दुकानदार तीस दिवसांनी पैसे देतात. म्हणजे एकदा खर्च केलेला रुपया ४५ दिवसांनी परत येतो. रोजचा खर्च सु. ४,३३३ रु. असल्याने ४५ दिवसांसाठी सु. १,९५,००० रु. व्यवसायात सतत अडकून राहतात. आता दुकानदारांनी तीसऐवजी साठ दिवसांनी पैसे देण्यास सुरुवात केली, तर हीच रक्कम ३,२५,००० रुपयांवर जाते. विक्री, खर्च व नफा यांत काहीही बदल न होता व्यावसायिकास आणखी १,३०,००० रु. उभे करावे लागतात. ही त्याची साडेसहा महिन्यांची शिल्लक होय.

मागणी वाढली, तरी हाच प्रश्न उभा राहतो. वरील कारखान्याची विक्री दुप्पट झाली, कच्च्या मालाचा खर्च १,८०,००० व इतर खर्च ६०,००० रु. झाला, असे मानल्यास मासिक शिल्लक ६०,००० रुपयांवर जाते. मात्र तीस दिवसांचीच उधारी धरली तरी खेळते भांडवल ३,६०,००० रु. लागते. वाढीव नफा हाती पडण्यापूर्वी वाढीव १,६५,००० रु. घालावे लागतात. मोठी मागणी आली म्हणून आनंदाने ती स्वीकारणारा व्यावसायिक त्यामुळेच सावकाराच्या दारी जातो, असे कधी कधी घडते. यावर उपाय तीन : उधारीचा काळ कमी करणे, साठा कमी ठेवणे आणि पुरवठादाराकडून मुदत मिळविणे. यांपैकी दुसरा उपाय सर्वांत स्वस्त असून त्याचाच विचार सर्वांत कमी होतो.

उधारी व खाणावळींचा अनुभव : उधारीचे दुष्टचक्र मुंबईच्या गिरणगावातील खाणावळींच्या इतिहासात ठळकपणे दिसते. कोकण व देशावरून एकटे आलेले गिरणी कामगार महिनेवारीवर खाणावळीत जेवत आणि पगार झाल्यावर पैसे देत. खाणावळ चालविणाऱ्या स्त्रियांना मात्र धान्य, तेल, इंधन रोज लागे. ते वाण्याकडून उधारीवर, व्याजासह घ्यावे लागे. जेवणाच्या दरातून मिळणारे उत्पन्न बरेचसे या व्याजातच जाई. स्वयंपाकात वा हिशेबात त्या कमी पडत होत्या असे नव्हे. त्यांना एका महिन्याचे खेळते भांडवल नव्हते, इतकेच. संप झाला की कामगारांचा पगार थांबे आणि खाणावळींची येणी बुडत. प्रेमा पुरव यांच्या पुढाकाराने १९७५ मध्ये स्थापन झालेल्या अन्नपूर्णा महिला मंडळाने या स्त्रियांना एकत्र आणून राष्ट्रीयीकृत बँकेकडून कर्ज मिळवून दिले, तेव्हा त्यांतील अनेकींना वाण्याच्या उधारीतून सुटण्याचा मार्ग मिळाला. तथापि बँकेच्या कर्जाने दुसरा धोका टळत नाही. जानेवारी १९८२ मध्ये सुरू झालेल्या गिरणी संपाने दाखविल्याप्रमाणे सर्व ग्राहक एकाच उद्योगावर पोट भरणारे असल्यास त्या उद्योगाबरोबर व्यवसायही खचतो.

याउलट, मुंबईतच गिरगाव येथे १९५९ मध्ये सात स्त्रियांनी ८० रुपये उसने घेऊन सुरू केलेल्या पापड व्यवसायातून श्री महिला गृह उद्योग लिज्जत पापड ही संस्था उभी राहिली. घरीच लाटण्याच्या पद्धतीमुळे जागा व यंत्रे यांवर सुरुवातीस फारसा खर्च पडला नाही, हे तिच्या वाढीचे एक कारण मानता येईल.

उधारी पूर्णपणे टाळणे बहुतेक व्यवसायांत अशक्य असते. ‘आज रोख, उद्या उधार’ ही दुकानातील पाटीही विनोदापुरतीच उरते. म्हणून प्रत्येक ग्राहकास रकमेची व दिवसांची मर्यादा ठरवून देणे, ती ओलांडल्यास पुढचा माल थांबविणे आणि येण्यांची यादी दर आठवड्यास पाहणे, एवढी शिस्त आवश्यक ठरते. २००६ च्या अधिनियमानुसार नोंदणीकृत सूक्ष्म व लघू उत्पादकाकडून अथवा सेवादात्याकडून माल वा सेवा घेणाऱ्याने करारातील मुदतीत, व ती कितीही असली तरी ४५ दिवसांच्या आत, पैसे दिले पाहिजेत. लेखी करार नसल्यास ही मुदत १५ दिवसांची असते. विलंब झाल्यास बँक दराच्या तिप्पट दराने मासिक चक्रवाढ व्याज देय होते व सुविधा परिषदेकडे दाद मागता येते. २०२३ च्या वित्त अधिनियमाने, अशी रक्कम मुदतीत न देणाऱ्या खरेदीदारास तिची प्राप्तिकरातील वजावट प्रत्यक्ष रक्कम दिल्याच्या वर्षीच मिळेल, असेही ठरविले. तरतुदी कडक आहेत. परंतु ज्याच्याकडून पुढील काम मिळावयाचे त्याच्याविरुद्ध तक्रार करण्यास लहान पुरवठादार धजत नाही, ही वस्तुस्थिती आहे. केवळ व्यापार करणाऱ्यांना हे संरक्षण लाभत नाही.

किंमतनिश्चिती : फरसाणाच्या उदाहरणात विक्रीच्या प्रत्येक रुपयातून कच्चा माल वजा जाता ४० पैसे उरतात, त्यांतून ४०,००० रुपयांचे स्थिर खर्च भागण्यास महिन्यास किमान एक लाखाची विक्री हवी. याखाली तोटा होतो. विक्री वाढावी म्हणून दर दहा टक्क्यांनी उतरविला, तर पूर्वीएवढी शिल्लक राखण्यासाठी एकतृतीयांश माल अधिक विकावा लागतो. ही गोष्ट सवलत देताना क्वचितच ध्यानात येते. शिवाय मालक व त्याचे कुटुंबीय यांच्या श्रमाचे मोल खर्चात धरले नसल्यास वरील २०,००० रु. हा नफा नसून ती त्यांची मजुरीच होय. दोन माणसे महिनाभर राबत असतील, तर ती कमीही ठरेल.

हिशेब व पतपुरवठा : व्यवसायाचे बँक खाते स्वतंत्र ठेवावे आणि मालकाने घरखर्चासाठी ठराविक रक्कम ठराविक दिवशी उचलावी. गल्ल्यातून लागेल तसे पैसे काढण्याची सवय असल्यास व्यवसाय नफ्यात आहे की नाही, हे स्वतः मालकासही सांगता येत नाही. रोजकीर्द, खतावणी व उधारीची वही एवढ्या नोंदी नियमित असल्या तरी लहान व्यवसायाचे काम भागते. दिवाळीत वहीपूजनापूर्वी जुनी येणी मिटविण्याच्या व्यापारी प्रथेत हा व्यवहारी विचार होताच.

खेळत्या भांडवलासाठी बँका सामान्यतः नायक समितीने १९९२ मध्ये सुचविलेले प्रमाण वापरतात. अपेक्षित वार्षिक उलाढालीच्या २५ टक्के गरज धरून त्यांपैकी २० टक्के बँकेने व ५ टक्के व्यावसायिकाने घालावे, असे हे प्रमाण आहे. बिगरतारण कर्जास हमी देणारा न्यास २००० मध्ये स्थापन झाला. प्रधानमंत्री मुद्रा योजना २०१५ मध्ये सुरू झाली. भिशी, पतसंस्था व दैनिक पिग्मी ठेव यांवरही लहान दुकानदारांची बरीच भिस्त असते. अल्पमुदतीचे कर्ज काढून यंत्र विकत घेणे मात्र धोक्याचे होय; यंत्राचा पैसा काही वर्षांनी वसूल होतो, हप्ता पुढच्याच महिन्यात येतो.

कायदेशीर स्वरूप : एकल मालकी ही सर्वांत सोपी पद्धती असली, तरी तीत व्यवसायाच्या देण्यांसाठी मालकाची खाजगी मालमत्ताही जबाबदार राहते. भागीदारीत प्रत्येक भागीदार इतरांनी केलेल्या व्यवहारांनाही बांधला जातो. भारतीय भागीदारी अधिनियम, १९३२ प्रमाणे संस्थेची नोंदणी सक्तीची नाही. परंतु नोंदणी नसल्यास करारातील येणी वसूल करण्यासाठी त्रयस्थावर दावा लावता येत नाही. आप्तांच्या भागीदारीत करारपत्र लिहिणे संकोचाचे वाटते. भांडवल, नफ्याचा वाटा, उचल व निवृत्ती यांविषयीचे तंटे नेमके तेथेच अधिक कटू होतात. मर्यादित दायित्वाच्या भागीदारीची तरतूद २००८ मध्ये झाली.

‘उद्यम’ नोंदणी विनाशुल्क असून ती आधार व पॅन क्रमांकांवर होते. दुकाने व आस्थापना, अन्नसुरक्षा इ. नोंदण्या व्यवसायाच्या स्वरूपानुसार कराव्या लागतात. वस्तू व सेवा कराची नोंदणी महाराष्ट्रात २०१९ पासून, केवळ वस्तू विकणाऱ्यास वार्षिक उलाढाल ४० लाख रुपयांवर गेल्यास व सेवा पुरविणाऱ्यास ती २० लाखांवर गेल्यास आवश्यक असते. परराज्यात माल विकणाऱ्यास साधारणतः ही सूट मिळत नाही. दीड कोटीपर्यंतच्या उलाढालीस उपलब्ध असलेली आपसमेळ योजना हिशेबास सुटसुटीत आहे. तथापि तीतील विक्रेत्यास बिलात कर लावता येत नाही व खरेदीदारास कराची वजावट मिळत नाही. त्यामुळे किरकोळ ग्राहकांना माल विकणाऱ्यास ती सोयीची, तर कारखान्यांना पुरवठा करणाऱ्यास गैरसोयीची ठरते.

व्यवसाय बंद करावयाचा झाल्यास नुसते कुलूप लावून भागत नाही. करनोंदणी रद्द करून अखेरचे विवरणपत्र भरावे लागते, कामगारांची देणी चुकती करावी लागतात. भागीदारी मोडल्याची जाहीर सूचना दिली नाही, तर त्यानंतरही एका भागीदाराने संस्थेच्या नावे केलेल्या व्यवहारास इतर भागीदार त्रयस्थांना जबाबदार राहतात.