पद्मिनीला खालून काळं कोटिंग मारलं, तरी ती आतून का सडते?

३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईत काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी अधिकृतपणे बंद झाली. शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी ताडदेव आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ ला झाली होती आणि टॅक्सीला वयाची मर्यादा २० वर्षं. विषय संपला.

पण लोकांच्या खाजगी पद्मिनी आणि फियाट अजूनही बिल्डिंगखाली झाकून उभ्या दिसतात. त्यांना संपवतो तो गंज. त्यातही गाडी कॉटन ग्रीन, शिवडी, रे रोड या पट्ट्यात उभी असेल तर विचारूच नका. एका बाजूला गोदामं आणि गोदी, पुढे शिवडीची खाडी. खारा वारा चोवीस तास.

आता गंज लागायला लोखंड, पाणी आणि ऑक्सिजन एवढंच लागतं. मग मीठ काय करतं? ते हवेतला ओलावा ओढून घेतं, त्यामुळं पत्रा सुकतच नाही. शिवाय खारं पाणी वीज चांगली वाहून नेतं आणि गंजणं ही मुळात विजेचीच रासायनिक क्रिया आहे. हवेतली आर्द्रता साधारण ६० टक्क्यांच्या वर गेली की ती जोर धरते. मुंबईच्या पावसाळ्यात हा आकडा ८० च्या पुढे असतो.

गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो. म्हणून रंगाला फोड येतात. फोड दिसला म्हणजे समजायचं, आत बरंच काही होऊन गेलंय.

पद्मिनीची खरी अडचण तिच्या बांधणीत आहे. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात बनणारी ही गाडी मूळची इटलीची फियाट ११००, तिला पद्मिनी हे नाव १९७४ मध्ये मिळालं. जुन्या जीपला जशी खाली वेगळी चासी असते तशी हिला नाही. बॉडी हाच सांगाडा. त्यामुळं दरवाज्यांखालची पोकळ पट्टी सडली की प्रकरण नुसतं दिसण्यापुरतं राहत नाही. दरवाजे नीट बसत नाहीत आणि पंक्चर काढायला जॅक लावला तर तो पत्र्यातच घुसतो.

यावर गॅरेजमध्ये सगळ्यात आधी सुचवतात ते काळं अंडरबॉडी कोटिंग. डांबर किंवा रबराचा हा थर वाईट नाही. खडे आणि चिखलापासून तो वाचवतो, पण स्वच्छ, कोरड्या पत्र्यावर. गंजलेल्या पत्र्यावर मारला तर त्याला तडे जातात, त्यातून पाणी आत शिरतं आणि बाहेर येत नाही. वरून मात्र गाडी नवीकोरी दिसते. जुनी गाडी विकत घेताना ताजं काळं कोटिंग दिसलं तर खूश होण्यापेक्षा संशय घेतलेला बरा.

दुसरं म्हणजे हा थर बाहेरून बसतो आणि गंज सुरू होतो पोकळीत. १९५९ मध्ये अमेरिकेतल्या डेट्रॉइटमध्ये कर्ट झीबार्ट या मेकॅनिकनं नेमकं हेच हेरलं. तिकडं बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ टाकतात. झीबार्टनं बॉडीला भोकं पाडून पोकळ्यांमध्ये मेणासारखं रसायन फवारायला सुरुवात केली आणि त्यातून मोठा धंदा उभा राहिला. मेण मऊ राहतं, सांध्यांत उतरतं, तडकत नाही. फक्त काही वर्षांनी पुन्हा मारावं लागतं.

बॅटरीला जोडायची ‘गंजरोधक’ यंत्रंही विकली जातात. कल्पना जहाजांवरून उचललेली आहे. जहाजाच्या तळाला जस्ताचे ठोकळे लावतात, ते स्वतः झिजून लोखंड वाचवतात. पण जहाज सतत पाण्यात असतं, गाडी नसते. मधे सलग पाणी नसेल तर ही युक्ती चालत नाही.

आता कायद्याची गंमत. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार ५० वर्षांवरच्या गाडीला ‘व्हिंटेज’ म्हणून व्हीए मालिकेची नोंदणी मिळू शकते, नव्या नोंदणीची फी २० हजार रुपये. अट अशी की चासी किंवा बॉडीत मोठा बदल झालेला नसावा. १९७४ ची पद्मिनी आता त्या वयात आली आहे. म्हणजे अर्धी बॉडी सडल्यावर नवा पत्रा ठोकण्यापेक्षा आहे तो पत्रा टिकवणं फायद्याचं.

काम पावसाळ्याआधी करायचं आणि क्रमानं. तळ गोड्या पाण्यानं धुवायचा, दरवाज्यांच्या खालची पाणी जायची भोकं मोकळी करायची, सगळं पूर्ण सुकवायचं. स्क्रूड्रायव्हरनं ठोकून बघायचं, पत्रा भुसभुशीत लागला तर तेवढा कापून नवा जोडायचा. मग पोकळीत मेण आणि सगळ्यात शेवटी बाहेरून काळं कोटिंग. गाडीवर प्लास्टिकची ताडपत्री असेल तर ती काढून हवा खेळेल असं कापडी कव्हर घालायचं, कारण प्लास्टिकखाली ओलावा अडकतो.