तलावातील मासा, काठावरील बगळा आणि परोपजीवींची साखळी

ग्रामीण महाराष्ट्रात तलाव हा केवळ पाण्याचा साठा नसून उपजीविकेचे साधन आहे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांतील माजी मालगुजारी तलाव शेतीला पाणी देतात, त्याचप्रमाणे मच्छीमार सहकारी संस्थांच्या सभासदांना रोजगारही देतात. याच तलावांच्या काठी, चिंच, पिंपळ वा बाभळीच्या झाडांवर बगळे, ढोकरी व पाणकावळे घरटी बांधतात. अशा सामूहिक वसाहतीस 'सारंगागार' म्हणतात.

जाळ्यात आलेल्या माशांच्या कातडीखाली पिवळ्या गाठी दिसू लागल्या, मासे रोडावले आणि बाजारात त्यांना कोणी हात लावीनासे झाले, म्हणजे दोष सहसा या पक्ष्यांवर जातो. पक्षी हाकलावेत, घरट्यांची झाडे तोडावीत, अशी मागणी ग्रामपंचायतीपुढे येते. या मागणीचा निर्णय करण्यापूर्वी रोग कसा पसरतो हे समजून घेणे अगत्याचे आहे.

साखळी कशी चालते

पिवळ्या गाठींस कारणीभूत होणारा जीव म्हणजे क्लिनोस्टोमम नावाचा पर्णकृमी. पानासारखा चपटा असल्याने त्याच्या वर्गास हे नाव पडले. त्याची प्रौढावस्था बगळ्यासारख्या मत्स्याहारी पक्ष्याच्या तोंडात व घशात जाते. पक्ष्याने मासा पकडण्यासाठी चोच पाण्यात घातली की कृमीची अंडी पाण्यात पडतात. अंड्यातून निघालेली सूक्ष्म अळी माशाकडे जात नाही. तिला काही तासांच्या आत विशिष्ट जातीची पाणगोगलगाय सापडावी लागते. ती न सापडल्यास अळी मरून जाते.

गोगलगायीच्या शरीरात मात्र तिची संख्या अनेक पटींनी वाढते. एका अंड्यापासून शेकडो नव्या अळ्या तयार होऊन पाण्यात उतरतात, माशाच्या कातडीतून आत शिरतात व स्नायूंत कोश करून राहतात. हीच ती पिवळी गाठ. असा मासा बगळ्याने गिळला की काही दिवसांतच कृमी प्रौढ होतो आणि चक्र पुन्हा सुरू होते.

पक्षी, गोगलगाय व मासा या तीन कड्यांपैकी एक जरी निखळली तरी साखळी तुटते. यांपैकी पक्षी ही कडी माणसाच्या हाती सर्वांत कमी येणारी आहे. एका गावातील झाडे तोडली तरी दुसऱ्या गावचे पक्षी उडत येऊन त्याच तलावात मासे पकडणारच. गोगलगाय मात्र तलावातच राहते, आणि जेथे पाणवनस्पती माजलेल्या आहेत, सांडपाणी येते व गाळ साचला आहे, तेथे ती फोफावते.

पक्ष्यांवाचून पसरणारे रोग

मत्स्यपालनाचे मोठे नुकसान करणाऱ्या कित्येक परोपजीवींचा पक्ष्यांशी संबंधच नसतो. रोहू, कटला व मृगळ या माशांवर आढळणारा आर्ग्युलस हा त्यांतील प्रमुख होय. ही माशांची ऊच म्हणावी लागेल. काही मिलिमीटर लांबीचा हा चपटा जीव माशाच्या अंगाला चिकटून रक्त शोषतो. मासा बेचैन होऊन अंग घासू लागतो, खाणे सोडतो, खवले गळतात. लर्नियाची मादी डोक्याकडील नांगरासारखा भाग माशाच्या मांसात रुतवून बसते. कल्ल्यांवर राहणारे सूक्ष्म कृमी माशाचा श्वास कोंडतात.

हे सर्व एका माशावरून दुसऱ्यावर थेट पसरतात आणि नव्या तलावात बहुधा दूषित बोटुकलीबरोबर येतात. त्यांनी केलेल्या जखमांतून पुढे जंतू व बुरशी शरीरात शिरतात. 1988 मध्ये भारतात प्रवेश करून अनेक राज्यांत पसरलेला माशांचा व्रणरोग अफॅनोमायसिस या बुरशीसदृश जीवामुळे होतो. कातडीला झालेली इजा अशा रोगास वाट मोकळी करून देते.

पक्षीही बळी पडतात

परोपजीवींची झळ पक्ष्यांनाही पोहोचते. कर्नाटकातील मंड्या जिल्ह्यातील कोक्करे बेळ्ळूर हे गाव झोळीवाला व चित्रबलाक या पक्ष्यांच्या वसाहतीसाठी प्रसिद्ध आहे. तेथील ग्रामस्थ पिढ्यान्‌पिढ्या आपल्या झाडांवरील घरटी राखत आले असून, विष्ठेचे खत शेतीला वापरीत आले आहेत. 2017 च्या अखेरीपासून तेथे झोळीवाले मरू लागले, तेव्हा तपासणीत गोलकृमींचा प्रादुर्भाव आढळला. आंध्र प्रदेशातील तेलिनीलापुरम येथेही 2021-22 च्या हंगामात याच कारणाने शंभराहून अधिक झोळीवाले दगावले.

पाणपक्ष्यांच्या जठरात राहणाऱ्या गोलकृमींची अंडी पाण्यात पडतात. पाण्यातील सूक्ष्म कवचधारी जीवांतून ते माशांत व माशांतून पुन्हा पक्ष्यांत जातात. थोडे कृमी पक्षी सहन करतो. संख्या फार वाढली, किंवा उपासमारीने पक्षी अशक्त असला, तर ते घातक ठरतात. तलावाचे अनारोग्य अशा रीतीने माशाला व पक्ष्याला सारखेच भोवते.

साखळी कोठे तोडावी

उपायांचा आरंभ तलाव स्वच्छ करण्यापासून व्हावा. उन्हाळ्यात आटणाऱ्या तलावातील गाळ काढून तळ उन्हात तापू दिल्यास गोगलगाई व परोपजीवींच्या अवस्था मोठ्या प्रमाणात नष्ट होतात. मातीची तपासणी करून आवश्यक तेवढा चुना टाकावा. पाणवनस्पती वेळोवेळी काढाव्यात. नारळाच्या झावळ्या किंवा केळीची पाने पाण्यात ठेवली असता गोगलगाई त्यांवर गोळा होतात. त्या पानांसह बाहेर काढून नष्ट कराव्यात.

आर्ग्युलसची मादी माशाला सोडून दगड, लाकूड अशा टणक वस्तूंवर अंडी घालते. म्हणून बांबूच्या चटया वा फळ्या पाण्यात उभ्या करून दर आठवड्यास काढाव्यात व कडक उन्हात वाळवाव्यात. औषधावाचून संख्या घटविण्याचा हा सोपा मार्ग आहे.

बोटुकली खात्रीच्या केंद्रातूनच घ्यावी. सोडण्यापूर्वी 10 लिटर पाण्यात 200 ते 300 ग्रॅम मीठ विरघळवून त्यात ती काही मिनिटे ठेवावी आणि अस्वस्थ होताच काढावी. बीजाची गर्दी करू नये. दाटीत प्राणवायू अपुरा पडतो व रोग झपाट्याने पसरतो. मासे मरू लागल्यास नमुने घेऊन मत्स्यव्यवसाय विभागाच्या जिल्हा कार्यालयाशी संपर्क साधावा. शेतातील कीटकनाशक तलावात ओतण्याचा मोह कटाक्षाने टाळावा. त्याच पाण्यावर गुरे व माणसे अवलंबून असतात.

शिक्षकांनी विद्यार्थ्यांना एवढे अवश्य सांगावे की, पूर्ण शिजविलेल्या माशातील कृमी मरतात. जपान व कोरिया या देशांत कच्चा मासा खाल्ल्याने क्लिनोस्टोमम माणसाच्या घशास चिकटल्याची उदाहरणे नोंदली गेली आहेत.

ग्रामपंचायतीची जबाबदारी

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 अन्वये संरक्षित पक्ष्यांची अंडी व घरटी यांना उपद्रव देणे हा अपराध आहे. परंतु झाडे राखण्याचे कारण केवळ कायदा नव्हे. झाडे तोडून गोगलगाय जात नाही, गाळ निघत नाही आणि दूषित बोटुकली शुद्ध होत नाही. रोग तलावातच राहतो, गावाची सावली मात्र जाते. तलाव ठेक्याने देताना पाणवनस्पती काढणे, गाळउपसा व बीजाची तपासणी या अटी ग्रामसभेत चर्चेला घेऊन त्यांच्या पालनाची व्यवस्था लावणे, हा उपाय कुऱ्हाडीपेक्षा कष्टाचा खरा; परंतु मच्छीमाराच्या जाळ्यात निरोगी मासा येण्याचा मार्ग तोच आहे.