दारू पिणाऱ्याने तापाची गोळी जपून का घ्यावी? यकृतातलं विकर शोधणारी अँटीबॉडी काय दाखवते

अंग दुखलं, कणकण आली की दुकानातून पॅरासिटामॉलची गोळी आणली जाते. ठरलेल्या प्रमाणात घेतली तर गोळी सुरक्षित आहे. पण रोज दारू पिणाऱ्याने ती जपून घ्यावी, असं डॉक्टर सांगतात. त्याचं कारण यकृतातल्या एका विकरात, म्हणजेच एन्झाइममध्ये आहे. हे विकर नुसतं बघून दिसत नाही. ते दाखवण्याचं काम प्रयोगशाळेतली एक अँटीबॉडी करते.

यकृतात काय होतं?
या विकराचं नाव सीवायपी२ई१. दारू आणि पॅरासिटामॉल, दोन्हींवर ते काम करतं. गोळीचा बहुतेक भाग निरुपद्रवी होऊन लघवीवाटे निघून जातो. थोडा भाग मात्र या विकरामुळे विषारी बनतो. यकृतातलं ग्लुटाथायोन ते विष लगेच निकामी करतं. रोजच्या दारूने विकर वाढतं. दारू आणि पोटाची आबाळ यांमुळे ग्लुटाथायोन घटतं. म्हणजे विष जास्त आणि त्याचा उतारा कमी.

अँटीबॉडी कशी बनते?
अँटीबॉडी हा शब्द कोरोनात सगळ्यांच्या कानावर पडला. ती ठरावीक वस्तू ओळखून तिलाच चिकटते. प्रयोगशाळेसाठी या विकराचा तुकडा सशाला टोचतात. सशाचं शरीर त्याविरुद्ध अँटीबॉडी बनवतं, ती रक्तातून वेगळी काढतात.

मग यकृताच्या पातळ कापावर ही अँटीबॉडी आणि रंग आणणारं द्रावण टाकतात. जिथं विकर, तिथं तपकिरी रंग चढतो. हा रंग यकृतातल्या बारीक मध्यशिरांभोवती सर्वात गडद दिसतो. गोळ्यांचा अतिरेक झाल्यावर यकृताच्या पेशी सर्वात आधी मरतात त्याही तिथंच.

अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी १९९६ मध्ये हे विकर नसलेले उंदीर तयार केले. साध्या उंदरांना मारणारा पॅरासिटामॉलचा डोस त्यांनी बऱ्याच अंशी पचवला. असे उंदीर अँटीबॉडी पारखायलाही कामाला येतात. त्यांच्या यकृतावरही रंग चढला, तर ती अँटीबॉडी भलत्यालाच चिकटते आहे हे कळतं.

एसजीपीटीचा रिपोर्ट वेगळा
तालुक्याच्या लॅबमध्ये होणारी एसजीपीटी ही दुसऱ्या विकराची रक्ततपासणी आहे. यकृताच्या पेशींना इजा झाली की ते रक्तात वाढतं. सीवायपी२ई१ची अँटीबॉडी मुख्यतः संशोधनासाठी वापरतात. रोजच्या तपासणीत ती नसते.

हे लक्षात ठेवा
- क्रोसिन, कॅलपॉल, डोलो ही नावं वेगळी, औषध एकच. सर्दीच्या बऱ्याच गोळ्यांतही पॅरासिटामॉल असतं. दोन्ही एकदम घेऊ नका.
- निरोगी मोठ्या माणसाला २४ तासांत ४ ग्रॅम, म्हणजे ५०० मिलिग्रॅमच्या ८ गोळ्या, ही कमाल मर्यादा. रोज पिणाऱ्याची, अशक्त माणसाची आणि यकृताचा आजार असलेल्याची मर्यादा याहून कमी; ती डॉक्टरांना विचारूनच ठरवा.
- जास्त गोळ्या पोटात गेल्या तर पहिला दिवस माणूस ठणठणीत वाटू शकतो. त्यावर विसंबू नका, लगेच दवाखाना गाठा. यावर एन-अॅसिटिलसिस्टीन हा उतारा आहे. पहिल्या ८ तासांत दिला तर तो सर्वात चांगला लागू पडतो.
- डॉक्टरांपासून दारू लपवू नका. औषधाचा डोस त्यावरच ठरतो.