वाघळांचे झाड

वर्धा जिल्ह्यातल्या बोरच्या जंगलात पक्षी बघायला जाणाऱ्यांना टिकेलची निळी माशीमार ओळखीची असते. नाल्याकाठच्या सावलीतून तिची शीळ आली की मान आपोआप तिकडे वळते. नावातला टिकेल मात्र फार थोड्यांना माहीत असतो. सॅम्युअल टिकेल हा कंपनी सरकारच्या बंगाल सैन्यातला अधिकारी. १८११ साली कटकला जन्मला. चाईबासाला असताना त्याने हो आदिवासींची भाषा आणि चालीरीती लिहून ठेवल्या, पुढे आराकान-ब्रह्मदेशात नोकरी केली, आयुष्यभर पक्ष्यांची चित्रे काढली. उतारवयात डोळे अधू झाले, पक्ष्यांवरचा सचित्र ग्रंथ अपुरा राहिला आणि १८७५ मध्ये तो वारला. मी त्याच्या मागे लागलो तो पक्ष्यांसाठी. पण त्याचे जे लिखाण इतकी वर्षे माझ्या मनातून गेलेले नाही, ते वटवाघळांवरचे आहे.

हे लिखाण मला भेटले स्टर्नडेलच्या पुस्तकात. स्टर्नडेल सातपुड्यात, सिवनीला राहिलेला माणूस. १८८४ साली त्याने भारतातल्या सस्तन प्राण्यांवर जाडजूड ग्रंथ लिहिला आणि वाघळांच्या प्रकरणात टिकेलचा मजकूर उतरवून घेतला. टिकेल सांगतो ती पहाटेची हकिगत. रात्रभर चरून पहिले वाघूळ झाडावर परतते तेव्हापासून ऊन चांगले वर येईपर्यंत त्या झाडावर भांडण थांबत नाही. प्रत्येकाला वरची, अधिक चांगली जागा हवी असते. फांदीला नख्या अडकवत ती सरकतात, एकमेकांना चावतात, अंगठ्याच्या लांब नखाने ओरबाडतात, किंचाळतात. उशिरा येणाऱ्याला झाडाभोवती अनेक घिरट्या घालाव्या लागतात. टेकलाच, तर दोनतीनदा हुसकला जातो. मग कुठे त्याची जागा पक्की होते. शेतात जाता-येता वाघळांच्या झाडाखालून गेलेल्या कोणालाही हा कलकलाट नवा नाही. टिकेलचे मोठेपण हे, की त्याला त्या गोंगाटात जागेचा तंटा दिसला.

हा तंटा खरोखर नियमाने चालतो हे सिद्ध व्हायला शंभराहून अधिक वर्षे गेली. गेरहार्ड नॉयव्हायलर या जर्मन प्राणिशास्त्रज्ञाने दक्षिण भारतातल्या वटवाघळांच्या एका वसाहतीचे बारकाईने निरीक्षण केले आणि १९६९ साली ते प्रसिद्ध केले. प्रत्येक नराची फांदीवरची जागा ठरलेली असते आणि नरांचा मान झाडाच्या उंचीप्रमाणे वरून खाली लागतो, असे त्याला आढळले. म्हणजे पहाटेचा तो गोंधळ ही मानाच्या जागेची रोजची फेरतपासणी होती. टिकेलजवळ फक्त डोळे होते, आणि ते नेमक्या ठिकाणी लागले होते. मला तरी तो या विषयाचा पहिला खरा निरीक्षक वाटतो, आणि त्याचे नाव केवळ एका पाखरापुरते उरावे याचे वाईट वाटते.

फांदीचे भांडण नंतरचे. आधी झाड कोणते, हे ठरावे लागते. टिकेलचे हे मोठे, फळे खाणारे वटवाघूळ ढोलीत शिरत नाही की घुमटात लपत नाही. दिवसभर उघड्या फांदीला लटकते. भारतात त्याच्या वसाहती वड, पिंपळ, चिंच, आंबा, कहू अशा झाडांवर पुन्हापुन्हा नोंदल्या गेल्या आहेत. झाड उंच हवे, पसारा मोठा हवा, आणि पाणी जवळ हवे. पाण्याची अट आपल्याकडे किती कडक आहे ते वर्ध्याच्या मे महिन्याला विचारावे. ऊन तापले की वाघळे पंखांनी वारा घेतात, धापा टाकतात, अंगाला लाळ फासतात. नदीवर झेपावून पोट भिजवतात आणि ते पाणी चाटतात. ऑस्ट्रेलियात १२ जानेवारी २००२ रोजी पारा ४२ अंशांवर गेला, तेव्हा न्यू साउथ वेल्समधल्या वसाहतींत साडेतीन हजारांहून जास्त वाघळे एका दिवसात मेली. ४२ अंश म्हणजे आमच्याकडचा मे महिन्यातला नेहमीचा दिवस! या उन्हात आमची वाघळे तगतात, त्यात सावलीचा आणि धाम, बोर, यशोदा, वणा या नद्यांच्या डोहांचा वाटा मोठा असला पाहिजे. डोह आटला तर चांगले झाडही कुचकामी ठरते. २०२० च्या मे महिन्यात गोरखपूर जिल्ह्यातल्या बेलघाटच्या आमराईत वाघळे मरून पडली. कोरोनाचे दिवस होते, लोक धास्तावले. बरेलीच्या पशुवैद्यक संशोधन संस्थेने तपासून सांगितले, की ती उष्माघाताने मेली.

झाड निवडण्यात माणसाचाही हिशेब असतो. ही वाघळे बहुधा वस्तीजवळ राहतात, पण जिथे कोणी त्यांना दगड मारत नाही अशा ठिकाणी. मुंबईत त्यांनी भायखळ्याची राणीची बाग धरली. तमिळनाडूतल्या पुलियंगुळम गावात वडावरची वाघळे पवित्र मानतात आणि त्यांना त्रास नको म्हणून दिवाळीत फटाके उडवत नाहीत. दिवाळी अंकाच्या वाचकाला एवढी एक गोष्ट सांगितली तरी हा लेख लिहिल्याचे सार्थक झाले, असे मी समजेन.

आता पुण्याची गोष्ट. या सगळ्या शोधात मला सर्वात जास्त गुंतवले ते तिने.

आखूड नाकाचे फळवाघूळ हे आपल्या अंगणातले. पेरू-केळीच्या बागेत रात्री फडफडते ते बहुतेकदा हेच. वटवाघळाच्या मानाने फारच लहान, आणि राहण्याची तऱ्हा अगदी वेगळी. ते आपला निवारा स्वतः तयार करते. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेतले डॉ. एच. आर. भट हे या वाघळाचे जुने जाणकार. ते काय खाते, कसे खाते यावर त्यांनी १९९४ साली लिहिले होते. बॉस्टन विद्यापीठाचे थॉमस कुंझ हे वाघळे दिवसा कुठे राहतात या प्रश्नाचे जगातले मोठे अभ्यासक. १९८२ साली त्यांनी या विषयाची जी मांडणी केली, तिच्यावर पुढचे सारे उभे आहे. या दोघांनी १९९५ साली मिळून जे प्रसिद्ध केले ते भेरली माडाबद्दल होते. या माडाला फुलाफळांचे लांब झुपके लोंबतात. वाघूळ त्या झुपक्याच्या मधल्या सरी दातांनी तोडते आणि आतून घंटेच्या आकाराची पोकळी कोरून काढते. बाहेरच्या सरी तशाच राहतात, त्यांचा पडदा होतो. खालून बघणाऱ्याला फळांचा घोसच दिसतो.

त्याच वर्षी बालसिंह, कोइलराज आणि कुंझ यांनी दक्षिण भारतातून दाखवून दिले, की पडद्यासारख्या वाढणाऱ्या वेलीत आणि आसुपालवाच्या झाडातही हे वाघूळ अशीच तंबूसारखी जागा करते, आणि कारागीर एकटा नर असतो. देठ कुरतडत, पाने मोडत हे काम कित्येक आठवडे चालते. एवढा खटाटोप कशासाठी, याचे उत्तर पुण्यातच मिळाले. जे स्टॉर्झ या तरुण संशोधकाने भट आणि कुंझ यांच्याबरोबर तिथल्या टोळ्या पकडल्या, खुणा केल्या, सोडल्या, पुन्हा पकडल्या. २००० साली निष्कर्ष आला. एका तंबूत प्रौढ नर एकच. माद्या कधी थोड्या, कधी तिसाच्या वर. ज्याच्याकडे चांगली जागा त्याच्याकडे माद्या. वर्षातून दोनदा पिले होतात आणि तंबूवाल्या नराचा वंश वाढतो. जागा नसलेले नर एकेकटे लटकत राहतात.

टिकेलच्या झाडावर जागेसाठी चावाचावी होती. इथे नर स्वतः जागा घडवतो. मला हे दुसरे अधिक थक्क करते. ज्याला आपण बागेचा चोर म्हणून हुसकतो, तो कोणत्या माडाचा कोणता घोस पोखरायचा हे जोखतो आणि मग आठवडेच्या आठवडे त्यावर घालवतो. कुंझ २०२० च्या एप्रिलमध्ये कोविडने गेले. त्यांच्या कामातला एक देखणा तुकडा पुण्याच्या माडांवर घडला, याचा मराठी माणसाने अभिमान बाळगावा.

खऱ्या जंगलात मात्र हिशेब आणखी बदलतो. तिथली कीटक खाणारी छोटी वाघळे ढोलीत, भेगेत, सुटलेल्या सालीखाली राहतात. जंगलातल्या कोणत्या झाडांना ती पसंत करतात यावरच्या अनेक अभ्यासांचा २००५ साली कॅनडा-अमेरिकेतल्या तिघा संशोधकांनी एकत्र पडताळा घेतला. आसपासच्या झाडांच्या मानाने वाघळांची झाडे उंच आणि जाड बुंध्याची निघाली. त्यांच्या भोवती छत जरा विरळ होते आणि उभी वाळलेली झाडे पुष्कळ होती. युरोपातली काही वाघळे सुतार पक्ष्याने पाडलेल्या ढोल्यांत राहतात. शिवाय जंगलातली वाघळे एका ढोलीला चिकटून बसत नाहीत. गोचिडांसारखे अंगावरचे परजीवी वाढले, आतली हवा मानवेनाशी झाली, की काही दिवसांत दुसऱ्या झाडावर जातात आणि पुढे पुन्हा परततात. म्हणून एखादे ढोलीचे झाड राखून भागत नाही. त्यांना अशा झाडांचा अख्खा टापू लागतो.

इथे आपली वनव्यवस्था आणि वाघूळ समोरासमोर येतात. वर्ध्याचे जंगल मुख्यत्वे सागाचे. विरळणी करताना सरळ, निरोगी, भाव देणारा साग ठेवायचा आणि वाकडे, पोकळ, वाळलेले झाड आधी काढायचे, हे सागाच्या शेतीचे पहिले सूत्र. १९७४ साली वन विकास महामंडळ स्थापन झाले, आणि विदर्भात मिश्र जंगल तोडून एकसारखा साग लावण्याचे काम जोमाने झाले. वनखात्याच्या लेखी जे झाड निकामी, जळतनाला द्यायचे, तेच नेमके वाघळाच्या पसंतीचे. एकाच वयाचा साग कितीही हिरवा दिसला तरी त्यात मोहाच्या जुन्या खोडातली ढोली नसते. बोर अभयारण्य १९७० चे, व्याघ्र प्रकल्प २०१४ चा, गाभा क्षेत्र जेमतेम १३८ चौरस किलोमीटर. वाघासाठी का होईना, तिथे झाडे म्हातारी होऊन जागेवर मरू शकतात. वाघळांसाठी वेगळे काही करण्याची गरज नाही. हे मरणे अडवू नये, इतकेच.

कायद्यानेही बराच काळ वाघळाची उपेक्षा केली. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात फळे खाणारी वाघळे कावळे-उंदरांबरोबर उपद्रवी प्राण्यांच्या पाचव्या अनुसूचीत होती. २०२२ च्या दुरुस्तीने ती अनुसूची गेली, हे चांगले झाले. तोवर निपाह विषाणूची भीती पसरली होती. महाबळेश्वरच्या गुहेतल्या वाघळांचे नमुने पुण्याच्या त्याच विषाणू संस्थेने मार्च २०२० मध्ये घेतले, आणि काहींत निपाहची प्रतिपिंडे सापडली. यावरून झाडे तोडा, वाघळे हाकला, असा सूर निघतो तो चुकीचा आहे. हुसकलेली वाघळे नाहीशी होत नाहीत. ती ताणाखाली, भुकेली, दुसऱ्या वस्तीजवळ जाऊन बसतात. उष्टी फळे खाऊ नयेत, वाघळाला हात लावू नये, त्यांचे झाड शांत राहू द्यावे, एवढी काळजी घ्यावी.

२०२० साली वर्धा-सेवाग्राम रस्ता रुंद करण्यासाठी जुनी झाडे पडू लागली, तेव्हा वर्धेकर त्या झाडांसाठी उभे राहिले. गांधीजी १९३६ साली ज्या सेगावात, म्हणजे आजच्या सेवाग्रामात, राहायला आले, तिथे जाणारा हा रस्ता, म्हणून भावना तीव्र होत्या, आणि त्या रास्तच होत्या. पुढच्या वर्षी राज्याने शहरी भागातल्या वृक्षसंरक्षण कायद्यात दुरुस्ती केली. पन्नास वर्षांचे किंवा त्याहून जुने झाड वारसा वृक्ष ठरले. ते तोडायचे तर त्याच्या वयाइतकी रोपे लावायची. नियम पूर्वीपेक्षा बरा आहे, पण तो वर्षे मोजतो, रहिवासी मोजत नाही. ऐंशी रोपे मिळूनही एका जुन्या चिंचेची वरची फांदी होत नाही, ढोली तर नाहीच. झाड तोडायच्या अर्जात वय, घेर आणि जात यांच्याबरोबर आणखी एक रकाना असावा: या झाडावर कोण राहते? तो रकाना येईपर्यंत काम आपले आहे. तुमच्या गल्लीतल्या, नाल्याकाठच्या जुन्या झाडावर तोडीची खूण दिसली, तर एका संध्याकाळी दिवेलागणीला त्याखाली उभे राहा, त्यातून कोण बाहेर पडते ते मोजा, आणि ती संख्या हरकतीच्या मुदतीत नगरपरिषदेला लेखी कळवा.